डोंगरावरील शाळा
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी शाळेच्या पटांगणात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. देवळाच्या इतिहासाविषयी आमच्याहून अधिकारी मंडळी बोलून गेली. घंटा केव्हा आली, वेदी कोणी उभारली, कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत कोणते काम झाले, ह्याची उजळणी त्यांनी केलीच आहे. आमच्या वाट्यास शाळा हा विषय आला. आमच्या आयुष्याची बहुतेक वर्षे खडू आणि फळा ह्यांच्या संगतीत गेली असल्यामुळे ही वाटणी आम्हांस मान्य आहे.

परंतु महोत्सवात शाळेविषयी बोलावयाचे म्हणजे तिच्यातून किती डॉक्टर निघाले, किती वकील निघाले, किती मुले परदेशी गेली, ह्यांची यादी वाचावयाची, असा एक प्रघात पडला आहे. ती यादी आपणां सर्वांस तोंडपाठ आहे व तिचा अभिमान आम्हांसही आहे. म्हणून ती पुन्हा न वाचता आज आम्ही आपणांस दूर इटली देशातील एका डोंगरावर नेऊ इच्छितो. तेथे एका अगदी लहान धर्मग्रामात, धर्मगुरूंच्या राहत्या घरात, एक खाजगी शाळा भरत असे. तिला सरकारी मान्यता नव्हती, तिच्यात गुणपत्रक नव्हते, आणि तिच्या फाटकावर निकालाचा फलक कधी लागला नाही. ती शाळा पाहून आपण परत आलो म्हणजे आपल्या शाळेविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते सांगणे सोपे जाईल.

फ्लॉरेन्स नगराच्या ईशान्येस मुजेल्लो नावाचे डोंगराळ खोरे आहे. जगद्विख्यात चित्रकार जोत्तो ह्याच खोऱ्यात जन्मला, असे परंपरा सांगते. तेथील विक्कियो गावाच्या हद्दीत, मोंते जोवी ह्या डोंगराच्या उतारावर, बार्बियाना म्हणून एक ठिकाण आहे. त्यास गाव म्हणणेही कठीणच. एक लहानसे देऊळ, त्याला लागून धर्मगुरूंचे घर, जवळच इवलीशी दफनभूमी, आणि रानातून इकडे तिकडे विखुरलेली शेतकऱ्यांची घरे, एवढाच तो पसारा. १९५४ साली देवळापर्यंत गाडीरस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. तरणी माणसे डोंगर सोडून कारखान्यांची वाट धरू लागली होती, आणि हा धर्मग्राम आता बंदच करावा, असे वरिष्ठांच्या मनात घोळत होते. अशा जागी त्या वर्षीच्या डिसेंबरात एकतीस वर्षांचे एक धर्मगुरू नेमणुकीवर आले. त्यांचे नाव डॉन लोरेन्झो मिलानी. इटलीत धर्मगुरूंस आदराने ‘डॉन’ म्हणतात.

हा मनुष्य दरिद्री घरातला नव्हता. त्यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स येथे एका धनाढ्य व विद्वान कुटुंबात झाला. पणजोबा डोमेनिको कोम्पारेत्ती हे नावाजलेले भाषाशास्त्रज्ञ. आई ज्यू वंशाची. घरात पुस्तके भरपूर होती, परंतु देवधर्म नव्हता. लोरेन्झो ह्यांना आधी चित्रकार व्हावयाचे होते. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांचे मन पालटले. त्यांनी श्रद्धा स्वीकारली, त्याच वर्षी ते गुरुविद्यालयात दाखल झाले, आणि जुलै १९४७ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

पुढे त्यांची नेमणूक प्रातो शहराजवळच्या कालेन्झानो येथे झाली. ती गिरणीकामगारांची वस्ती होती. तेथे तरुण धर्मगुरूंच्या ध्यानी एक गोष्ट आली. आपण वेदीवरून प्रवचन करतो, लोक निमूटपणे ऐकतात, परंतु अर्धे शब्द त्यांस कळत नाहीत. आणि ज्यास शब्दच कळत नाही, त्यास शुभवर्तमान तरी कसे कळावे? धर्मोपदेशापूर्वी ह्या लोकांस भाषा दिली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. त्या काळी इटलीत कॅथलिक व कम्युनिस्ट ह्यांच्यात हाडवैर होते. दोन्ही पक्षांच्या मुलांस निःशंकपणे आत येता यावे, म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरील क्रूससुद्धा उतरविला. ह्या गोष्टीने अनेकांची मने दुखावली. हे व अशी आणखी काही प्रकरणे साचत गेली, आणि कालेन्झानोचे वृद्ध प्रमुख धर्मगुरू निवर्तल्यावर डॉन मिलानींची रवानगी बार्बियानाच्या डोंगरावर झाली. ती बढती नव्हती, हे सांगावयास नकोच.

सज्जनहो, आपल्यापैकी एखाद्यास अशा जागी पाठविले, तर तो पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहू लागेल. डॉन मिलानींनी काय केले? तेथे पोहोचल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ते खाली विक्कियोस गेले व बार्बियानाच्या दफनभूमीत स्वतःच्या कबरेची जागा विकत घेऊन आले. ह्या लोकांना सोडून आपण कोठेही जावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या डोंगरावरील मुले पाच इयत्ता कशाबशा पुऱ्या करीत व गुराढोरांमागे लागत. कोणी पुढे शिकावयास खाली गेलेच, तर वर्षादोन वर्षांत नापास होऊन परत येई. अशा मुलांस घेऊन १९५६ साली देवळाच्या घरात शाळा सुरू झाली. आरंभी अवघी सहा मुले होती. बसावयाची मेजे मुलांनीच बनविली. थंडीच्या दिवसांत घरात आणि उन्हाळ्यात बाहेर झाडाखाली वर्ग भरे. शाळा दिवसाचे बारा तास व वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस चाले. रविवारी मिस्सा आटोपली की पुन्हा शाळा. इतके कष्ट मुले कशी सोशीत, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. त्या मुलांच्या घरी सुटी म्हणजे खेळ नव्हे, तर गोठ्यातील शेण आणि डोंगरावरील लाकडे. त्यामानाने बाकावरचे बारा तास हीच त्यांची विश्रांती.

शिकविण्याची रीत निराळी होती. दररोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयाचे, आणि जो शब्द कोणास कळला नाही तेथे थांबावयाचे. तो शब्द कोठून आला, कोण कोणाविरुद्ध तो वापरतो, त्याच्या पोटात काय दडले आहे, हे उकलल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. देशाची राज्यघटना अशीच वाचली गेली. जी मुले विजार उसवेपर्यंत डोंगर सोडून कोठे गेली नव्हती, त्यांस परक्या भाषा शिकविल्या, आणि मोठी झाल्यावर त्यांस इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत धाडून, तेथे पडेल ते काम करून, त्या भाषा पक्क्या करावयास लाविले. पाण्याचे भय जावे म्हणून अंगणाजवळ एक लहानसा हौद बांधून त्यात पोहावयास शिकविले. मोठा मुलगा धाकट्यास शिकवी. चौदा वर्षांचा पोरगा अकरा वर्षांच्यांचा मास्तर होई, आणि शिकविता शिकविता स्वतः पक्का होई. शाळेच्या एका भिंतीवर ‘आय केअर’ असे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले असत. ‘ह्याची मला काळजी आहे, हे माझे आहे’, असा त्यांचा भाव. फॅसिस्ट राजवटीत ‘मला काय त्याचे’ हे घोषवाक्य मिरविले जाई. त्याच्या नेमके उलट हे शब्द होते.

परंतु त्या शाळेचा आत्मा एका नियमात होता. जो मुलगा सर्वांत मंद, त्याच्यासाठी सारा वर्ग थांबे. त्यास समजेपर्यंत धडा पुढे सरकत नसे. इतर शाळांत जो मान पहिल्या क्रमांकाच्या मुलास मिळतो, तो मान तेथे शेवटच्या मुलास मिळे. नापास करणे हा शब्द तेथे नव्हता. पण त्याबरोबर, न शिकविता पुढे ढकलणे हेही तेथे नव्हते. ह्या दोहोंतील भेद ध्यानात ठेवावा. आम्ही त्याकडे पुन्हा येणार आहोत.

शाळेस मान्यता नसल्यामुळे ही मुले सरकारी परीक्षांस बाहेरून, खाजगी उमेदवार म्हणून बसत. पुढे काही मुलांनी फ्लॉरेन्स येथील शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाची वाट धरली. आपणही मास्तर व्हावे, अशी त्यांची उमेद होती. तेथे ती नापास झाली. तेव्हा बार्बियानाच्या मुलांनी त्या शिक्षिकेस एक पत्र लिहिण्याचे ठरविले. आठ मुलांनी मिळून, गुरूंच्या देखरेखीखाली, ते जवळजवळ वर्षभर लिहिले. प्रत्येकाने मनात येईल ते चिठ्ठीवर टिपावयाचे. एका विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र लावावयाच्या. मग क्रम ठरवून, प्रत्येक वाक्य सर्वांसमक्ष वाचून, अधिक असेल तो शब्द काढून टाकावयाचा. पहिल्या वर्गात किती मुले आली, कोणत्या इयत्तेत किती गळाली, ती कोणाची होती, ह्यांचे कोष्टक मुलांनी स्वतः मांडले. गळालेली मुले बहुतेक शेतकऱ्यांची व मजुरांची होती, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले. मे १९६७ मध्ये हे पत्र ‘एका शिक्षिकेस पत्र’ ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले व साऱ्या इटलीभर त्याने खळबळ उडविली. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

डॉन मिलानी तेव्हा मृत्युशय्येवर होते. लसिका ग्रंथींच्या असाध्य रोगाने त्यांस काही वर्षांपासून ग्रासले होते. २६ जून १९६७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी फ्लॉरेन्स येथे देह ठेविला. त्यांस बार्बियानास आणून, सुमारे साडेबारा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या जागी, धर्मगुरूचा पोशाख व पायांत डोंगरचढणीचे बूट, अशा वेषात पुरले. त्यांच्यानंतर ती शाळाही फार काळ चालली नाही.

आता, ह्या मनुष्यात दोष नव्हते काय? होते. त्यांची जीभ फार तिखट होती. त्यांची शिस्त कडक होती व प्रसंगी हातही उठे. खेळास त्यांच्या शाळेत थारा नव्हता, आणि मुलांच्या वाढीस खेळ लागतो, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. मुली फार थोड्या आल्या. डोंगराची वाट कठीण होती, आणि मुलीस शिकून काय करावयाचे, ही आईबापांची समजूत त्याहून कठीण. शिवाय एका माणसाच्या खांद्यावर उभारलेली शाळा त्या माणसाबरोबर जाते, हाही त्यातील धडाच आहे. ख्रिस्तसभेतही त्यांच्याविषयी एकमत नव्हते. त्यांचे ‘पाळकीय अनुभव’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रोमहून आलेल्या हुकमाने बाजारातून काढून घेतले गेले. ते बंधन २०१४ साली उठले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानास गेले व त्यांच्या कबरेपाशी प्रार्थना करून आले. ज्या जागी एका धर्मगुरूस विस्मरणासाठी पाठविले, त्या जागी साठ वर्षांनंतर पोपमहाशयांची पावले लागली.

असो. बंधुभगिनींनो, आता डोंगर उतरून आपण आपल्या वसईच्या वाड्यांत परत येऊ. आणि येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत नववीचा वर्ग सांभाळीत होतो. शाळेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. दोष आमचा आहे. आदल्या वर्षी त्या शाळेचा दहावीचा निकाल नव्याण्णव टक्के लागला होता, आणि तसा फलक फाटकावर झळकत होता. आमच्या वर्गात एक मुलगा होता. बाप दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत मजुरी करी. मुलगा पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडून मग शाळेत येई व दुसऱ्या तासास त्यास झोप अनावर होई. गणितात तो मागे, इंग्रजीत त्याहून मागे. वर्षाच्या अखेरीस आम्ही त्याच्या बापास बोलाविले, आणि मुलाने शाळेतून न बसता सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसावे, त्यातच त्याचे हित आहे, असे गोड शब्दांत समजाविले. बापाने टोपी हातात घेतली व एवढेच म्हटले, “मास्तर, तुम्ही सांगता ते आमच्या बऱ्यासाठीच.” तो दाखला घेऊन गेला.

पुढच्या वर्षी त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले गेले; आम्हीही खाल्ले. तो मुलगा परीक्षेस बसला नाही, कारण त्यास बसविणारे कोणी नव्हते. आज तो फुलांचा टेम्पो दादरच्या बाजारात नेतो. रस्त्यात आम्ही दिसलो की टेम्पो थांबवितो आणि विचारतो, “सर, कुठे सोडू?” आम्ही नाही म्हणतो व पायी जातो.

पाहा, बार्बियानाची मुलेही बाहेरूनच परीक्षेस बसत. अर्ज तोच, परंतु तेथे मुलास वर चढविण्यासाठी तो भरला जाई, आणि आम्ही आमच्या फलकावरून एक डाग पुसण्यासाठी तो भरविला. आपल्या तारकाने हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त दिला, तो आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातील मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून एकाच्या मागे जातो. आम्ही त्या एकास कुंपणाबाहेर काढून नव्याण्णवांची मोजदाद शंभर टक्के म्हणून जाहीर केली. हे आम्ही जन्मभर देवळात जाणाऱ्या माणसाने केले, हे आज ह्या पटांगणात सांगावयास आम्हांस लाज वाटते. पण न सांगणे अधिक लाजिरवाणे होईल.

कोणी म्हणेल, कायद्याने ह्यावर उपाय केला आहे. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्यानुसार आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवता येईनासे झाले. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. कायद्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु नापास न करणे आणि शिकविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही मघाशी म्हणालो. मुलगा वाचता न येताच आठवी ओलांडतो, आणि नवव्या वर्षी त्यास भिंतीवर आदळावे लागते. बार्बियानात मूल मागे राहत नसे, कारण त्याच्यासाठी सर्व थांबत. आपण थांबत नाही; फक्त ढकलतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या कित्येक घरांत आजही कादोडी किंवा वाडवळी बोलली जाते. ते मूल पहिल्या दिवशी वर्गात घरचा शब्द उच्चारते, बाकीची मुले हसतात, क्वचित मास्तरही हसतात. आणि त्या दिवसापासून ते मूल तोंड उघडीनासे होते. पुढे दहा वर्षे आपण त्यास ‘ढ’ म्हणतो. वस्तुतः ते मूल मंद नाही, मुके केलेले आहे. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स येथील लोकांची भाषा शिकले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. परमुलखातून आलेला धर्मगुरू आपल्या भाषेचा मान राखतो, आणि आपण आपल्याच लेकराच्या घरच्या शब्दास हसतो, हे बरे नव्हे. घरच्या बोलीचे बोट धरूनच मूल प्रमाण मराठीकडे जावे, आणि मराठीचे बोट धरून इंग्रजीकडे. कॉलेजची वाट ह्याच पायऱ्यांनी जाते. खालची पायरी मोडून वरच्या पायरीवर उडी मारावयास लावली, तर उड्या मारणारे थोडेच पोहोचतात.

म्हणून आज आम्ही ह्या धर्मग्रामापुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली, निकाल मोजावयाचा तर दहावीच्या बाकावर बसलेल्यांचा न मोजता, दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्यांचा मोजावा. आलेले किती, पोहोचले किती, आणि न पोहोचलेले आज कोठे आहेत, ह्याची वही शाळेने ठेवावी. तिच्यातील नावे दरवर्षी शाळेच्या सणादिवशी शिक्षकांनी एकत्र बसून वाचावी. फलकावर लावावयाची ती नव्हे. दुसरी, संध्याकाळी ह्या पटांगणाचे दिवे लागलेले असोत. आपल्या गावी कॉलेजात जाणारी मुले-मुली पुष्कळ आहेत; त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ धाकट्यांस शिकवावे. त्यांस विद्या पक्की होईल, आणि ज्या घरी शिकविणारे कोणी नाही, त्या घरच्या लेकरास कोणीतरी मिळेल. तिसरी, सतरा नंबरचा अर्ज भरावयास कोणास सांगणे प्राप्तच झाले, तर त्या मुलाची परीक्षा होईपर्यंत त्याचा हात सोडू नये. शाळेच्या पटावरून नाव गेले, तरी धर्मग्रामाच्या पटावर ते आहेच.

ह्यास पैसा फार लागत नाही. बार्बियानात पैसा नव्हताच. तेथे होते ते एवढेच की, एका माणसाने आपल्या मुलांजवळ आयुष्यभर राहावयाचे ठरविले होते. आपल्या पूर्वजांनी घाम गाळून, भाजीच्या टोपल्या विकून, देवळाशेजारी ही शाळा बांधली, तेव्हा त्यांच्याही मनात निकालाचा आकडा नव्हता; आपले लेकरू कोणापुढे अंगठा उठवू नये, एवढेच होते.

आम्ही तर एक निश्चय केला आहे. पुढच्या वेळी तो टेम्पो थांबला, तर आम्ही त्यात बसणार आहोत, आणि दादर येईपर्यंत, त्याची तयारी असेल तर, पुन्हा दहावीस बसण्याविषयी त्याच्याशी बोलणार आहोत. सर्वसमर्थ परमेश्वर आम्हांस तेवढे धैर्य देवो, आपल्या धर्मग्रामावर कृपा करो, आणि ह्या शाळेच्या दारातून एकही लेकरू रिकाम्या हाताने परत न जावो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करितो.